टाइप वन मधुमेहावरच्या चाचण्या आणि आपले वाट पाहणे

आबोली, फोंडा :
माझ्या मुलाला आठव्या वर्षी टाइप वन मधुमेह असल्याचे कळले. आता तो दहावीत आहे. स्वतः कर्बोदके मोजतो, स्वतः पेनाने इन्सुलिन घेतो, आणि चवथीच्या दिवसांत नेवऱ्या खाण्याआधी किती युनिट घ्यायचे याचा हिशेब माझ्यापेक्षा लवकर करतो. निदान झाले तेव्हा ‘पाच ते दहा वर्षांत यावर कायमचा इलाज निघेल’ असे आम्हाला अनेकांनी सांगितले होते, आणि त्या वाक्याच्या आधारावर आम्ही पहिली वर्षे काढली. जून २०२५ मध्ये मूळ पेशींपासून (स्टेम सेल) बनवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यापासून प्रत्येक नातेवाईक तीच बातमी आम्हाला पाठवत आहे. मुलानेही ती वाचली आणि ‘बारावीपर्यंत माझे इन्सुलिन सुटेल का?’ असे सरळ विचारले.

ही चाचणी नेमकी कुठवर आली आहे हे मला समजून घ्यायचे आहे. त्याहून अधिक, जी माणसे अशा बातम्या वर्षानुवर्षे वाचत आली आहेत ती स्वतःचे मन कसे सांभाळतात आणि मुलांना काय सांगतात, हे ऐकायचे आहे. ‘धीर धरा’ एवढेच उत्तर कृपया देऊ नये. ते आम्हाला रोज मिळते.

सुरंगी, म्हापसा :
माझी मुलगी बालवाडीत असताना तिचे निदान झाले. पहिली काही वर्षे मी प्रत्येक बातमी वाचत असे. आठवडाभर घरात उत्साह असे आणि नंतर महिनाभर चिडचिड. शेवटी मी त्या बातम्या वाचणे पूर्ण बंद केले. इलाज निघालाच तर आमचे डॉक्टर सांगतील. रात्री तीन वाजता साखर मोजणाऱ्या सेन्सरचा गजर झाला की उठून तिला ग्लुकोज देण्यासाठी जे बळ लागते, ते मला बातम्यांवर खर्च करायचे नाही.

खाजन, पणजी :
मी औषधशास्त्र शिकवतो आणि माझ्या पत्नीला टाइप वन आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोजचाच आहे.

आबोलीताई, तुम्ही म्हणता ती चाचणी व्हर्टेक्स या अमेरिकी कंपनीच्या झिमिस्लेसेल या उपचाराची आहे. तिचे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षअखेरीस बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते, आणि बाराही जणांना साखर जीवघेणी खाली जाण्याचे प्रसंग थांबले. या पेशी यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून सोडल्या जातात आणि यकृतात रुजतात. निष्कर्ष खरोखर मोठे आहेत. ते ऐकून आनंद होणे अगदी योग्य आहे.

मात्र मथळ्यात न येणाऱ्या गोष्टी तुमच्या मुलासाठी अधिक महत्त्वाच्या आहेत. या चाचणीत प्रौढच घेतले गेले, आणि तेही असे की ज्यांना साखर कमी होत असल्याची जाणीवच होत नाही व त्यामुळे वारंवार गंभीर प्रसंग ओढवतात. परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून सर्वांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात. या औषधांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि त्यांतील काही मूत्रपिंडावर ताण आणतात. एकंदर १४ सहभागींपैकी दोघांचे निधन झाले. त्यांतील एकाला मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य संसर्ग झाला होता, तर दुसऱ्याला स्मृतिभ्रंशाचा गंभीर आजार होता. ज्या माणसाला झोपेत साखर कमी होऊन प्राण जाण्याची भीती आहे, त्याच्यासाठी हा सौदा योग्य ठरू शकतो. दहावीतल्या, साखर चांगली सांभाळणाऱ्या मुलासाठी तो आज योग्य ठरत नाही, आणि कोणताही जबाबदार डॉक्टर तसे सुचवणार नाही.

त्याच कंपनीने पेशी एका आवरणात बंद करून ठेवण्याचा वेगळा प्रयोग केला होता, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबण्याची गरजच पडली नसती. पेशींनी पुरेसे इन्सुलिन न दिल्यामुळे तो मार्च २०२५ मध्ये थांबवला गेला. ही बातमी तुमच्या किती नातेवाइकांनी पाठवली?

आबोली, फोंडा :
एकानेही नाही. खाजनसर, इतके स्पष्ट आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

वाळवंटी, साखळी :
मला हा आजार १९७४ साली, शाळेत असताना जडला. तेव्हा इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढलेले असे. काचेची सिरिंज रोज उकळावी लागे आणि सुई बोथट झाली की वडील ती दगडावर घासून देत. रक्तातील साखर घरी पाहण्याची सोयच नव्हती. परीक्षानळीत लघवी आणि बेनेडिक्टचे द्रावण एकत्र तापवायचे. निळे राहिले तर ठीक, हिरवे, पिवळे होत विटकरी झाले तर जेवणावर बंधन. आमच्या वाड्यावर फ्रीज नव्हता. कुपी पाण्याच्या मडक्याशेजारी ओल्या फडक्यात ठेवत असू, आणि पावसाळ्यात नदीला पूर आला की नवी कुपी येईल की नाही याची चिंता आई करत असे.

पाच-दहा वर्षांत इलाज निघेल, हे मलाही त्या वेळी सांगितले गेले होते. तेच वाक्य मी नंतरच्या प्रत्येक दशकात ऐकले. तरीही मी कडवट झालो नाही, कारण इलाज आला नाही तरी बाकीचे बरेच काही आले. मानवी इन्सुलिन आले, बोटातून थेंब काढून साखर सांगणारे यंत्र आले, पेन आले, आता दंडावर चिकटवायचा सेन्सर आहे. यांतले प्रत्येक साधन कोणत्या तरी चाचणीतूनच माझ्यापर्यंत पोहोचले.

एलिझाबेथ ह्यूज या मुलीची हकिकत मी नेहमी सांगतो. १९१९ मध्ये, इन्सुलिन अस्तित्वात नसताना तिला मधुमेह झाला. तेव्हा एकच उपाय होता : जवळजवळ उपाशी राहून आयुष्य लांबवणे. पंधराव्या वर्षी, ऑगस्ट १९२२ मध्ये टोरोंटोला इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या डॉ. बँटिंग यांच्याकडे नेले तेव्हा तिचे वजन वीस किलोच्या आसपास होते. इन्सुलिन मिळाले, ती सावरली, तिने संसार केला आणि १९८१ पर्यंत जगली. तीन वर्षे ती कशाची वाट पाहत होती हे तिलाही ठाऊक नव्हते. शरीर टिकवून ठेवणे एवढेच तिच्या हाती होते आणि तेवढे तिने केले.

केसर, मडगाव :
काका, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

दुधसागर, काणकोण :
वाळवंटी काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून मला वेगळे मत मांडायचे आहे. एलिझाबेथचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. १९२२ च्या उन्हाळ्यात इन्सुलिनचा पुरवठा अत्यंत तोकडा होता, आणि तिच्याइतकीच उपाशी असलेली असंख्य मुले त्या दारापर्यंत पोहोचलीच नाहीत. त्यांनीही धीर धरला होता. धीर धरणाऱ्यांपैकी कोणाला फळ मिळाले, हे धीरावर ठरले नाही. ओळख, पैसा आणि अंतर यांवर ठरले.

आजही तेच होईल अशी मला भीती वाटते. या चाचण्या उत्तर अमेरिकेत आणि युरोपात चालतात. तिथे मान्यता मिळेल, मग किंमत ठरेल, मग कधीतरी भारत, मग मुंबई-दिल्लीतली मोठी खासगी रुग्णालये, आणि सर्वांत शेवटी काणकोणातला माझा पुतण्या. त्याला इन्सुलिन आरोग्य केंद्रातून मिळते, पण सेन्सर स्वतःच्या खर्चाने घ्यावा लागतो. तो पंधरवड्यातच संपतो, आणि म्हणून घरचे तो परीक्षेच्या काळातच लावतात. जे आज बाजारात उपलब्ध आहे तेच त्याला पुरेसे मिळत नाही. अशा मुलाच्या आईला मी शांत राहण्याचा सल्ला देणार नाही. तिचा राग रास्त आहे, आणि तो तिने आमदारांसमोर व आरोग्य खात्यासमोर मांडला पाहिजे.

वाळवंटी, साखळी :
दुधसागर, आपले म्हणणे मला पटते. टोरोंटोत ज्यांना औषध मिळाले नाही त्यांची आठवण मी ठेवायला हवी, हे खरे आहे. सेन्सरच्या मागणीसाठी निवेदन तयार करत असाल तर माझी सही धरून चाला.

खाजन, पणजी :
दोन्ही मुद्दे एकत्र नांदू शकतात असे मला वाटते. साधने सर्वांना मिळावीत यासाठी घाई केलीच पाहिजे. तेथे थांबण्याचे कोणतेही वैज्ञानिक कारण नाही. चाचणीची गती मात्र बहुतेक वेळा शरीरच ठरवते. पेशी रुजल्या का हे काही महिन्यांत कळते, पण त्या पाच वर्षे टिकतात का हे पाच वर्षे थांबल्याशिवाय कळत नाही.

एडमंटनचे उदाहरण पाहा. सन २००० मध्ये कॅनडातील एडमंटन येथे जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातील पेशी सात रुग्णांना दिल्या आणि सातही जणांचे इन्सुलिन सुटले. त्या वेळच्या बातम्या आजच्यासारख्याच होत्या. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा बहुतेकांना पुन्हा इन्सुलिन सुरू करावे लागले होते, जरी साखर धोकादायक खाली जाणे पुष्कळ कमी झाले होते. शिवाय एका रुग्णासाठी अनेकदा दोन किंवा अधिक दाते लागत, म्हणजे तो मार्ग सर्वांसाठी कधीच खुला होणार नव्हता. मूळ पेशींकडे संशोधन वळले याचे एक मोठे कारण हेच. त्यामुळे एडमंटनला मी अपयश म्हणत नाही. मात्र २००० सालचा मथळा वाचून ज्याने वर्ष मोजायला सुरुवात केली, त्याच्या वाट्याला निराशाच आली असणार.

मोगरी, डिचोली :
या धाग्यावर एक गोष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते. वाट पाहण्याचा कंटाळा आला की माणूस कुठे जातो, हे आमच्या कुटुंबाने पाहिले आहे. माझ्या दिराने आपल्या मुलीला परराज्यातील एका दवाखान्यात नेले. तेथे तिच्याच शरीरातील मूळ पेशी काढून पुन्हा सोडल्या जातील आणि मधुमेह बरा होईल असे सांगण्यात आले. काजूची बाग गहाण ठेवून पैसे भरले. तिथल्या माणसाने इन्सुलिन हळूहळू कमी करायला सांगितले. मुलीच्या रक्तात किटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी साचणारी आम्लद्रव्ये, वाढले आणि तिला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. ती वाचली. बाग अजून सुटलेली नाही. त्या घरात मूर्ख कोणी नव्हते. मुलीच्या पोटावर रोज सुया टोचताना पाहून थकलेले आई-वडील होते.

खाजन, पणजी :
मोगरीताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. इतरांसाठी काही ठोस गोष्टी सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मधुमेहासाठी मूळ पेशींचा वापर हा मान्य उपचार नाही. तो केवळ परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे सहभागी व्यक्तीकडून घेतले जात नाहीत. नैतिकता समितीची मंजुरी असते, तुम्हाला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घेतली जाते, केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क असतो, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद औषध-चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांत आहे. भारतात होणाऱ्या प्रत्येक औषध-चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ येथे करणे २००९ पासून सक्तीचे आहे आणि ती नोंदवही कोणालाही मोफत पाहता येते. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो दवाखाना विषय बदलतो, तेथून उठून यावे. आणि इन्सुलिन बंद करण्यास सांगणाऱ्याचे तर दुसरे वाक्यही ऐकू नये.

झुवारी, वास्को :
माझा मधुमेह टाइप टू आहे, तरी लिहू का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. एका वाचकाने मला ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीबद्दल सांगितले. निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या टाइप टूच्या लोकांना काही महिने रोज ८५० कॅलरींच्या आसपासचा आहार दिला, आणि वर्षअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मीही वजन उतरवले, उकड्या भाताचे प्रमाण निम्म्यावर आणले, आणि माझ्या गोळ्या कमी झाल्या. मग टाइप वनच्या मुलांना हा मार्ग का सुचवला जात नाही?

सुरंगी, म्हापसा :
झुवारी, आपला हेतू चांगला आहे, म्हणून शांतपणे लिहिते. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. आहार कितीही बदलला तरी त्या परत येत नाहीत, आणि इन्सुलिन न मिळाल्यास मूल काही दिवसांत दगावू शकते. लग्नाकार्यात ‘भात सोडा, मूल बरे होईल’ असे सांगणारी माणसे आम्हाला भेटतात तेव्हा आमचा धीर सर्वांत जास्त तिथेच सुटतो. चाचण्यांच्या विलंबापेक्षाही ते मला जड जाते.

झुवारी, वास्को :
समजले. आपल्या उत्तराबद्दल आभारी आहे. आमच्या शेजारच्या मुलीला मी असेच काही बोललो होतो. आता तिच्या आईशी जाऊन बोलेन.

केसर, मडगाव :
इथे बहुतेक पालक लिहीत आहेत, म्हणून मूळ प्रश्नाला मुलांच्या बाजूने उत्तर देते. मी बावीस वर्षांची आहे आणि नवव्या वर्षापासून मला टाइप वन आहे.

सुरंगीताई, बातम्या वाचणे बंद करण्याचा तुमचा मार्ग तुमच्यासाठी योग्य असेल, पण तुमची मुलगी मोठी झाल्यावर ती वाचणारच आहे, आणि तेव्हा ती एकटी वाचेल. माझ्या आई-वडिलांनीही हा विषय घरात बंद केला होता. मला वाटायचे की ते काही लपवत आहेत. प्रयोगशाळेतील उंदरांचा मधुमेह अनेकदा बरा झाला आहे हे वाचून मी एकदा जेवताना म्हणाले की मी उंदीर असते तर केव्हाच बरी झाले असते. सगळे हसले, आणि त्यानंतर प्रथमच बाबा माझ्यासोबत ती बातमी वाचायला बसले. तिथून माझे चिडणे कमी झाले.

मी आता प्रत्येक बातमीला तेच प्रश्न विचारते : उंदीर की माणसे, किती माणसे, किती काळ, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागली का. स्वीडनमधील उप्सालाची बातमी घ्या. तिथे दात्याच्या पेशींमध्ये जनुकीय बदल करून त्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत टोचल्या. कोणतेही प्रतिकारशक्ती दाबणारे औषध न देता त्या काही महिने जिवंत राहिल्या आणि इन्सुलिन स्रवत राहिल्या. मला ही बातमी बारा जणांच्या बातमीपेक्षा मोठी वाटली, कारण माझ्यासारख्यांचा अडथळा नेमका तिथेच आहे. पण तो एकच माणूस आहे, पेशींची मात्रा मुद्दाम लहान ठेवली होती आणि त्याचे इन्सुलिन चालूच आहे. हे सगळे कळूनही मला त्या दिवशी आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी निराशा आली नाही.

आबोलीकाकू, तुमच्या मुलाला ‘बारावीपर्यंत नाही’ असे स्पष्ट सांगा. आम्हाला ‘नाही’ ऐकण्याची सवय असते. ‘लवकरच’ ऐकण्याचा त्रास होतो. त्यासोबत हेही सांगा की त्याचे डोळे, मूत्रपिंडे आणि पाय तोपर्यंत उत्तम राहिले, तर जेव्हा काही येईल तेव्हा त्याला ते घेता येईल. चाचण्यांमध्ये मूत्रपिंड बिघडलेल्यांना बहुधा घेत नाहीत. मी वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी करते, ती भीतीपोटी नाही. ती माझी तयारी आहे.

सुरंगी, म्हापसा :
केसर, मुलगी एकटी वाचेल हा विचार मी केला नव्हता. तिला आता अकरावे लागले आहे.

दुधसागर, काणकोण :
केसर, वार्षिक तपासण्यांची सोय तालुक्याच्या पातळीवर व्हावी, हा मुद्दा मी निवेदनात घालतो. ज्यांना नाव द्यायचे आहे त्यांनी मला निरोप पाठवावा.

आबोली, फोंडा :
काल रात्री मी आणि मुलगा हा धागा एकत्र बसून वाचला. त्याला खाजनसरांचा हिशेब सर्वांत पटला. चौदापैकी दोन हा आकडा वाचून तो बराच वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला की त्या लोकांनी आपल्यासाठी हे केले. बारावीबद्दल मी त्याला स्पष्ट सांगितले. रडला नाही, रागावला, खोलीत गेला, आणि जेवायच्या वेळी बाहेर येऊन स्वतःची मात्रा मोजून घेतली. राग मी अडवला नाही.

त्याने मात्र एक नवा प्रश्न काढला आहे. त्याची धाकटी बहीण नऊ वर्षांची आहे. आजार सुरू होण्याआधीच देता येईल असे एक औषध अमेरिकेत मान्य झाले आहे, असे त्याने कुठेतरी वाचले. तिची काही तपासणी करावी का?

खाजन, पणजी :
त्याने योग्य वाचले आहे. ते टेप्लिझुमॅब. नव्याने निदान झालेल्या रुग्णांवरील त्याचा पहिला महत्त्वाचा निबंध २००२ चा. २०१० मध्ये एका मोठ्या चाचणीत ते उद्दिष्ट गाठू शकले नाही आणि बहुतेकांनी आशा सोडली. काही संशोधकांनी ते आजार होण्यापूर्वीच्या अवस्थेत वापरून पाहिले. २०१९ मध्ये ७६ जणांवरील निष्कर्ष आले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आठ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आजार टाळत नाही; त्याची सुरुवात साधारण दोन वर्षे पुढे ढकलते. सलग चौदा दिवस शिरेतून द्यावे लागते, आणि ज्यांच्या रक्तात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींविरुद्धची किमान दोन प्रकारची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आहेत व साखरही थोडी बिघडू लागली आहे, त्यांनाच ते लागू आहे. मुलाला ते उपयोगी नाही, हे त्याला आताच सांगा.

बहिणीबाबत : पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार भावंडांमध्ये टाइप वन होण्याचा धोका शंभरात सुमारे पाच-सहा असतो, म्हणजे बहुतेक भावंडांना तो होत नाही. प्रतिपिंडांची तपासणी रक्तावर होते : जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर आणि इन्सुलिनविरोधी. औषध मिळो न मिळो, या तपासणीचा एक खात्रीचा उपयोग आहे. ज्यांच्याबाबत आधी माहीत असते, ती मुले निदानाच्या वेळी किटोन वाढून अत्यवस्थ होण्याचे प्रमाण बरेच कमी असते. तपासणी आधी तुमच्या अंतःस्रावतज्ज्ञांशी बोलून ठरवा, आणि निकाल प्रतिकूल आला तर घरात काय बदलेल हे दोघांनी आधीच बोलून घ्या. पुढच्या भेटीत मुलालाही सोबत न्या. प्रश्न त्याचा आहे.

आबोली, फोंडा :
पुढच्या आठवड्यात बांबोळीला आमची नेहमीची तपासणी आहे. तिघेही जाऊ. डॉक्टर काय म्हणतात ते इथेच लिहीन. दुधसागर, निवेदनावर आमची दोन नावे घाला.